टेप पोहोचत नाही तिथलं अंतर: त्रिकोणमितीने कसं काढायचं

नदीचा पलीकडचा काठ, मनोऱ्याचं टोक, मधे तळं असलेल्या दोन खांबांमधलं अंतर. या तिन्ही ठिकाणी टेप लावता येत नाही, पण तिन्ही अंतरं काढता येतात. त्यासाठी जमिनीवर नीट मोजलेली किमान एक लांबी आणि एक-दोन कोन लागतात. बाकीचं काम शाळा-कॉलेजात शिकलेलीच सूत्रं करतात.

सूत्रं बहुतेकांना आठवतात किंवा लगेच सापडतात. गाडी अडते ती दुसरीकडे: कोणता त्रिकोण धरायचा, त्यातलं काय मोजायचं आणि काय गणिताने काढायचं. उत्तर भरवशाचं येणार की नाही, हे कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून पुढे त्रिकोणाच्या निवडीवर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे.

आधी आकृती

कागदावर त्रिकोण काढा. शिरोबिंदूंना अ, ब, क अशी नावं द्या. जे मोजलं आहे ते आकृतीवर लिहा आणि जे हवं आहे त्या बाजूवर प्रश्नचिन्ह करा. आकृती हुबेहूब प्रमाणात नसली तरी चालेल, पण विशालकोन विशाल दिसला पाहिजे आणि लांब बाजू लांब दिसली पाहिजे. नंतर उत्तर तपासताना हीच आकृती कामाला येते.

त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन, म्हणजे एकूण सहा गोष्टी. त्यातल्या तीन कळल्या की उरलेल्या तीन काढता येतात, मात्र त्या तिनांत एक तरी लांबी हवीच. नुसते तीन कोन कळले तर त्रिकोणाचा आकार कळतो, तो केवढा आहे हे कळत नाही. तेच तीन कोन असलेला त्रिकोण तळहातावरही मावतो आणि दोन डोंगरांच्या मधेही.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहायचं. एक कोन काटकोन असेल तर साइन, कोसाइन, टॅन ही साधी गुणोत्तरं पुरतात. काटकोन नाही, पण एक बाजू आणि दोन कोन माहीत आहेत, तर साइनचा नियम. दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन असेल तर कोसाइनचा नियम. तिन्ही बाजू माहीत असून कोन हवा असेल तर तोच कोसाइनचा नियम उलटा फिरवायचा. दोन बाजू आणि मधला नसलेला कोन, हे एक वेगळंच प्रकरण आहे, त्याकडे नंतर येऊ.

काटकोन त्रिकोण

ज्या लघुकोनाची माहिती आहे, त्याच्या समोरची ती संमुख बाजू, त्याला चिकटलेली ती लगतची बाजू आणि काटकोनासमोरची सर्वांत लांब बाजू म्हणजे कर्ण. साइन म्हणजे संमुख भागिले कर्ण, कोसाइन म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे संमुख भागिले लगतची. निवड करताना एवढंच बघायचं की माहीत असलेली बाजू आणि हवी असलेली बाजू या दोघी कोणत्या गुणोत्तरात एकत्र येतात.

मनोऱ्याची उंची घेऊ. मनोऱ्याच्या पायापासून ४० मीटरवर उभं राहून टोकाचा उन्नत कोन, म्हणजे आडव्या रेषेपासून वर मोजलेला कोन, घेतला, तो ३२° आला. माहीत आहे ती लगतची बाजू, हवी आहे ती संमुख. म्हणजे टॅन.

टॅन ३२° = उंची ÷ ४०
उंची = ४० × ०.६२४९ = २५.० मीटर

ही उंची डोळ्याच्या पातळीपासूनची आहे. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील तर मनोरा २६.५ मीटरचा. हा दीड मीटर मिळवायचा बऱ्याचदा राहून जातो.

आता उलट बाजूने. ६० मीटर उंच कड्यावरून समुद्रातली होडी १८° अवनत कोनात दिसते. होडी कड्याच्या पायथ्यापासून किती लांब? अवनत कोन आडव्या रेषेपासून खाली मोजतात. होडीपाशी त्रिकोणात बसणारा कोनही तेवढाच, १८°, कारण दोन समांतर आडव्या रेषांमधले ते व्युत्क्रम कोन आहेत.

टॅन १८° = ६० ÷ अंतर
अंतर = ६० ÷ ०.३२४९ = १८४.७ मीटर

इथे अज्ञात अंतर छेदात आहे, म्हणून भागाकार. घाईत ६० ला ०.३२४९ ने गुणलं तर १९.५ मीटर येतं. ते चूक आहे हे सूत्र न बघताही सांगता येतं: कोन ४५° असता तर अंतर उंचीइतकंच, ६० मीटर असतं. कोन त्याहून लहान, म्हणजे होडी ६० मीटरहून लांब असलीच पाहिजे. ४५° ची ही कसोटी दर वेळी लावून बघावी. दोन सेकंदांचं काम आहे आणि गुणाकार-भागाकाराची अदलाबदल तिच्यातून सुटत नाही.

या पद्धतीत आपण दोन गोष्टी गृहीत धरतो: मनोरा सरळ उभा आहे आणि जमीन सपाट आहे. उतारावर टेप धरून मोजलेलं अंतर थेट वापरू नये. १०° च्या उतारावर ५० मीटर मोजले, तर आडवं अंतर ५० × कोसाइन १०°, म्हणजे ४९.२४ मीटर भरतं. मोजणारा आणि मनोऱ्याचा पाया वेगळ्या पातळीवर असतील तर पायाचाही कोन घ्यावा आणि वरचा-खालचा असे दोन त्रिकोण वेगवेगळे सोडवावेत.

पायापर्यंत जाता येत नसेल तर

मनोऱ्याभोवती कुंपण आहे किंवा डोंगराचं शिखर हवं आहे, म्हणजे पायापर्यंतचं अंतर मोजता येत नाही. मग मनोऱ्याच्या रोखाने एकाच सरळ रेषेत दोन जागा निवडायच्या, दोन्हीकडून उन्नत कोन घ्यायचे आणि त्या दोन जागांमधलं अंतर टेपने मोजायचं.

लांबच्या जागेवरून कोन २८°, जवळच्या जागेवरून ४१°, मधलं अंतर ३० मीटर. उंची धरून चालू. लांबची जागा पायापासून उंची ÷ टॅन २८° इतकी दूर, म्हणजे उंचीच्या १.८८०७ पट. जवळची जागा १.१५०४ पट. दोन्हींमधला फरक ०.७३०३ पट, आणि तो आपण मोजला आहे, ३० मीटर. म्हणून

उंची = ३० ÷ ०.७३०३ = ४१.१ मीटर

यात डोळ्याची उंची मिळवायची. जवळची जागा मनोऱ्यापासून ४१.०८ × १.१५०४, म्हणजे ४७.३ मीटरवर आहे, हेही जाता जाता कळलं.

आता हीच मोजणी दोन जागांमध्ये फक्त ५ मीटर ठेवून केली असती तर? लांबच्या जागेवरून कोन ३८.१७° दिसला असता. सूत्र तेच आणि उत्तरही तेच यायला हवं. पण समजा जवळचा कोन वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली आणि ४१° ऐवजी ४१.५° लिहिला. ३० मीटरच्या मोजणीत उंची ४१.१ ऐवजी ४०.० येते, म्हणजे एक मीटरचा फरक. ५ मीटरच्या मोजणीत ती ३५.३ येते. चूक अर्ध्या अंशाचीच, पण मनोरा जवळजवळ सहा मीटरने खुजा झाला. कारण दोन कोनांमधला फरक जेमतेम तीन अंशांचा होता आणि त्यात अर्धा अंश म्हणजे फार मोठा हिस्सा. जागा आखताना चार पावलं जास्त चालायचा कंटाळा करू नये, तो असा महागात पडतो.

नदीची रुंदी: साइनचा नियम

मला सगळ्यांत उपयोगी वाटणारी पद्धत ही. पलीकडच्या काठावर पाण्यालगतचं एक ठळक झाड हेरा, ते क. आपल्या काठाला समांतर, सपाट जागेवर अ आणि ब असे दोन खुंट ठोका आणि त्यांच्यातलं अंतर काळजीपूर्वक मोजा. ही आपली आधाररेषा. मग अ वर उभं राहून ब आणि झाड यांच्यामधला कोन मोजा, नंतर ब वर जाऊन अ आणि झाड यांच्यामधला.

समजा आधाररेषा ८० मीटर, कोन अ ६८°, कोन ब ५४°. झाडापाशी जाता येत नाही, पण तिथला कोन मोजायची गरजही नाही. तिन्ही कोन मिळून १८०°, म्हणून कोन क = ५८°.

साइनचा नियम सांगतो की कोणतीही बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाची साइन, हे मूल्य तिन्ही बाजूंसाठी सारखंच असतं. ८० मीटरच्या बाजूसमोर कोन क आहे, अ पासून झाडापर्यंतच्या बाजूसमोर कोन ब आहे.

अक = ८० × साइन ५४° ÷ साइन ५८°
अक = ८० × ०.८०९० ÷ ०.८४८० = ७६.३ मीटर

हे तिरकं अंतर झालं. रुंदी म्हणजे झाडापासून आधाररेषेवर टाकलेला लंब, आणि तो अक × साइन ६८°, म्हणजे ७६.३२ × ०.९२७२ = ७०.८ मीटर. खुंट पाण्यापासून आत ठोकले असतील तर खुंटांपासून पाण्यापर्यंतचं अंतर वजा करायचं.

ब कडूनही तेच करून बघता येतं: बक = ८० × ०.९२७२ ÷ ०.८४८० = ८७.५ मीटर, आणि लंब पुन्हा ७०.८. दोन्ही आकडे जुळले म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये. या जुळण्यातून आकडेमोड बरोबर आहे एवढंच कळतं. कोनच चुकीचा मोजला असेल, तरी दोन्ही बाजूंनी तेच चुकीचं उत्तर एकमताने येईल. मोजणीची खरी तपासणी हवी असेल तर तिसरा खुंट ठोकून, नव्या आधाररेषेवरून त्याच झाडाचं अंतर पुन्हा काढायचं.

साइनचा नियम टाळायचा असेल तर झाडाच्या अगदी समोर उभं राहून काठाला काटकोन साधता येतो. दोरीवर ३, ४ आणि ५ मापांच्या बाजूंचा त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. तिथून काठाने ५० मीटर चालून कोन घ्यावा. तो ५५° आला तर रुंदी ५० × टॅन ५५°, म्हणजे ७१.४ मीटर. गणित सोपं होतं, पण काटकोन साधण्यातली चूक उत्तरात येते आणि झाडाच्या समोरची जागा मोकळी असावी लागते. दोन कोन मोजायचं साधन हाताशी असेल तर मी पहिलीच पद्धत घेईन.

चिंचोळा त्रिकोण

वरच्या उदाहरणात कोन ब ५४.५° वाचला गेला असता तर अक ७६.३ ऐवजी ७७.२ आलं असतं, एक मीटरच्या आतला फरक. आता आधाररेषा तीच ८० मीटरची ठेवून झाड बरंच लांब नेऊ. कोन अ ९२°, कोन ब ८०°, म्हणजे झाडापाशी फक्त ८°. अक येतं ५६६ मीटर. कोन ब ८०.५° वाचला तर अक येतं ६०४ मीटर. अर्ध्या अंशाने ३८ मीटर हलले.

लहान कोनाची साइन स्वतः लहान असते आणि आपण तिने भागतो, म्हणून असं होतं. ८° चा कोन ७.५° झाला की साइन सहा टक्क्यांनी घटते आणि उत्तर जवळपास तेवढंच फुगतं. ५८° चा ५७.५° झाला तर साइन जेमतेम अर्ध्या टक्क्याने बदलते. म्हणून जिथे पोहोचता येत नाही तिथला कोन शक्यतो ३०° पेक्षा लहान येऊ देऊ नये, आणि १५०° च्या वरही नको. सर्वेक्षणात त्रिकोण जमेल तितके समभुज आकाराजवळ ठेवायचा प्रयत्न असतो तो याच कारणासाठी. लांबच्या वस्तूसाठी आधाररेषाही लांब घ्यावी लागते. काठ तेवढा मोकळा नसेल तर कोन जास्त बारकाईने मोजणं एवढाच मार्ग उरतो.

हे दोन्ही उपाय टोकाला नेले की काय होतं, हे १८३८ साली दिसलं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर त्रिकोणानेच काढलं. पृथ्वी सहा महिन्यांत कक्षेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, ती सुमारे ३० कोटी किलोमीटरची आधाररेषा. तरीही तिच्या निम्म्या लांबीवर ताऱ्यापाशी होणारा कोन एका अंशसेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही लहान निघाला. एका अंशात असे ३६०० सेकंद असतात. बेसेल यांचं उत्तर साडेदहा प्रकाशवर्षांच्या आतलं होतं, आज ते सुमारे ११.४ मानतात. इतक्या चिंचोळ्या त्रिकोणात एवढं जवळचं उत्तर आलं, ते कोन मोजण्यातल्या काटेकोरपणामुळे.

मधे अडथळा असेल तर: कोसाइनचा नियम

तळ्याच्या दोन बाजूंना अ आणि ब असे खांब आहेत. दोन्हींकडे सरळ चालत जाता येईल अशी जागा क निवडली. क पासून अ १२० मीटर, ब ९५ मीटर आणि क पाशी त्या दोन दिशांमधला कोन ७२°.

अब² = १२०² + ९५² − २ × १२० × ९५ × कोसाइन ७२°
अब² = २३४२५ − २२८०० × ०.३०९०
अब² = २३४२५ − ७०४६ = १६३७९
अब = १२८ मीटर

इथली हमखास चूक म्हणजे आधी २३४२५ मधून २२८०० वजा करणं आणि मग उरलेल्या ६२५ ला कोसाइनने गुणणं. त्यातून १३.९ मीटर येतं. त्रिकोणाची एक बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा कमी आणि त्यांच्या फरकापेक्षा जास्त असते. इथे फरक २५ आणि बेरीज २१५, तेव्हा १३.९ मीटर असूच शकत नाही.

क पाशी कोन १०८° असता तर कोसाइन ऋण, −०.३०९० झाली असती आणि वजाबाकीची बेरीज होऊन उत्तर १७४.६ मीटर आलं असतं. विशालकोनात हे ऋण चिन्ह विसरू नये. कोन काटकोन असेल तर कोसाइन शून्य होते आणि उरतं ते पायथागोरसचं प्रमेय.

दोन उत्तरं देणारा त्रिकोण

दोन बाजू माहीत आहेत, पण कोन त्यांच्या मधला नाही. समजा कोन अ ४०°, त्याच्या समोरची बाजू बक ५० मीटर आणि अक ७० मीटर. साइनच्या नियमाने साइन ब = ७० × ०.६४२८ ÷ ५० = ०.९०. कॅल्क्युलेटर सांगतो कोन ब ६४°. पण ११६° ची साइनही तेवढीच असते, आणि ४०° व ११६° एका त्रिकोणात बसतात. म्हणून अब एक तर ७५.४ मीटर आहे किंवा ३१.८ मीटर. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. खरं कोणतं हे जागेवर बघूनच ठरतं: ब पाशी कोन लघु दिसतो की विशाल? शक्य असेल तर अशी मोजणी करूच नये. मधला कोन किंवा आणखी एक कोन घ्यावा.

कोन मोजायची साधनं

उभ्या कोनासाठी कोनमापक, एक सरळ नळी, दोरा आणि वजन एवढ्यावर काम भागतं. कोनमापकाची सरळ कड वर ठेवून तिला नळी चिकटवा आणि केंद्रातून वजन बांधलेला दोरा सोडा. नळी आडवी असताना दोरा ९०° वर येतो. नळीतून मनोऱ्याचं टोक बघताना दुसऱ्या माणसाने दोरा कुठे आहे ते वाचायचं. तो ५८° वर असेल तर उन्नत कोन ९० − ५८, म्हणजे ३२°. वारा असेल तर दोरा हलतो, म्हणून चार-पाच वेळा वाचून सरासरी घ्यावी.

मोबाइलचं अॅप अंशाचा दहावा भाग दाखवतं, पण त्याचं शून्य शून्यावर असेलच असं नाही. मोबाइलची कड टेबलावर ठेवून आकडा घ्या, मग मोबाइल टोकाकडून टोकाकडे फिरवून त्याच जागी ठेवा. पहिल्यांदा ०.९° आणि नंतर −०.३° दाखवलं तर टेबल ०.६° कललेलं आहे आणि मोबाइलची स्वतःची चूक ०.३° आहे. ती प्रत्येक मोजणीतून वजा करायची.

नदीसारख्या आडव्या कोनासाठी सपाट फळीवर मोठा कोनमापक आणि दोन टाचण्या पुरतात. होकायंत्राने दोन दिशा वाचून त्यांचा फरक घेता येतो, पण जवळ लोखंड नको. थिओडोलाइट किंवा टोटल स्टेशन, म्हणजे सर्वेक्षणात कोन मोजायची दुर्बिणीची यंत्रं, मिळालं तर सोन्याहून पिवळं. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या भारताच्या महासर्वेक्षणातला थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. तिथेही रीत हीच होती: सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा पोलादी साखळीने जपून मोजली आणि पुढे त्रिकोणाला त्रिकोण जोडत मुख्यतः कोनच मोजत गेले. तेवढ्या मोठ्या त्रिकोणांत पृथ्वीच्या गोलाईमुळे तीन कोनांची बेरीज १८०° पेक्षा किंचित जास्त भरते, साधारण १९७ चौरस किलोमीटरमागे एक सेकंद. नदीकाठच्या कामात याची काळजी नको.

आकडेमोड आणि उत्तर लिहिणं

कॅल्क्युलेटर उघडल्यावर पहिलं काम साइन ३० काढणं. ०.५ आलं तर तो अंशांवर आहे, −०.९८८ आलं तर तो रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककावर आहे आणि पुढचं सगळं चुकणार. मधल्या पायऱ्यांत चार दशांश स्थळं ठेवा, उत्तर हव्या तेवढ्या अंकांपर्यंत शेवटी एकदाच आणा.

उत्तरात किती अंक लिहायचे हे कोनावर ठरतं. एका अंशाची चूक १०० मीटरवर आडव्यात १.७५ मीटर सरकवते, त्यामुळे अर्ध्या अंशापर्यंतच भरवसा असलेल्या साधनाने नदीची रुंदी ७०.७६ मीटर लिहिण्यात अर्थ नाही. दोन्ही कोन अर्धा-अर्धा अंश वर-खाली करून गणित पुन्हा करा. आपल्या नदीसाठी दोन्ही अर्ध्या अंशाने कमी धरले तर रुंदी ६९.३ येते, दोन्ही जास्त धरले तर ७२.३. वहीत लिहायचं: ७१ मीटर, दीड मीटर इकडे-तिकडे.

नवं साधन असेल तर नदीवर जाण्याआधी मोकळ्या मैदानात टेपने मोजता येईल असं ६०-७० मीटरचं अंतर याच पद्धतीने काढून बघा, खुंट ठोकण्यापासून सगळं तसंच करून. टेप आणि त्रिकोण यांच्या उत्तरांत जेवढा फरक पडेल, साधारण तेवढाच नदीवरही पडेल असं धरून चाला.